एकटं पान

लेवेनसार, मालेकुला बेट
२२ जून १९९६

ओदीलताई,

तुझं ईस्टरचं पत्र मिळालं. माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस. गुडघे जागेवर आहेत. बाकी सगळं जायच्या वाटेवर आहे, ते ऐक.

परवा महिन्याचा तिसरा गुरुवार, म्हणजे ‘रोझलीन’ जहाज आलं. तांडेल ओबेद खाली उतरला, नेहमीसारखा माझ्या अंगणात बसला, न विचारता पपनस सोललं आणि अर्धं संपल्यावर म्हणाला, “मावशी, मालकाचा निरोप आहे. जानेवारीपासून लेवेनसारला नांगर टाकायचा नाही.”

मी म्हटलं, “का? समुद्र आटला?”

“माल कुठाय तुमच्याकडे? तांदूळ उतरवतो, रॉकेल उतरवतो आणि रिकामा पुढे जातो. पूर्वी खोबरं असायचं. आता खोबरं करायला बाप्ये आहेत कुठे? अर्धे पोर्ट व्हिलात बांधकामावर, उरलेले नाकामालात, बाप्यांच्या बैठकीत, कावाची मुळं कुटून पीत बसलेत.”

खरं बोलला म्हणून मला जास्त राग आला. त्याच्या हातातलं उरलेलं पपनस काढून घेतलं तेव्हा नीट बोलायला लागला. मालकाची अट अशी: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या तीन फेऱ्यांत मिळून पंचाहत्तर डाग माल चढला पाहिजे. पेट्या असोत, पोती असोत, काहीही. चढला तर जहाज येत राहील. एक जरी कमी पडला तर नाही.

जहाज नाही म्हणजे काय, हे तुला परदेशात, मॅकेत बसून कळणार नाही. तिथे दाराशी मोटार येते. इथे चौतीस वर्षं मी सुईणीचं काम केलं. या गावातले निम्मे पुरुष पहिल्यांदा रडले ते माझ्या हातात. गेल्या वर्षी ज्युलियेनचं मूल पोटात आडवं होतं. नशीब की तो तिसरा गुरुवार होता. जहाजाने नॉर्सूपच्या इस्पितळात गेली, आई-मूल दोन्ही जगले. पायी दोन नद्या ओलांडायच्या असत्या तर मी दोन खड्डे खणायला सांगितले असते. आता ती पुन्हा पोटुशी आहे. फेब्रुवारीत दिवस भरतात.

मी मुखिया आंबोंगकडे गेले. म्हणाला, “बघू.” आपल्या गावात ‘बघू’ म्हणजे काय, ते तू विसरली नसशील. म्हणून मी बायकांना गोळा केलं. टेकडीवरच्या नांगाईच्या झाडांखाली दरवर्षी कठीण कवचाच्या दाण्यांचा सडा पडतो, अर्धा आपण खातो, अर्धा डुकरं. तो फोडायचा, वाळवायचा, पिशव्यांत भरून पोर्ट व्हिलाला पाठवायचा. तिथल्या दुकानवाल्या मादाम त्रानला मी कालच शाळेच्या रेडिओवरून निरोप दिला. तिचं उत्तर आलं: “नुसते दाणे म्हणजे दाणे. पिशवीवर नाव छापलं की माल.”

तुझी नात छापखान्यात आहे ना? मग लावा तिला कामाला. पिशव्यांसाठी सहाशे आणि पेट्यांसाठी ऐंशी मोठी लेबलं. नाव फक्त ‘लेवेनसारची नांगाई’. वर एखादं चित्र. येशूचं नको, लोक खाऊन पिशवी फेकतात.

तुझी,
युलाली


मॅके, क्वीन्सलँड
१५ जुलै १९९६

प्रिय युले,

तुझं पत्र वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. तुला लिहिताना बघितलं नाही तरी आवाज ऐकू येतो.

लेबलं या पत्राबरोबरच निघाली आहेत. चित्र नातीनेच, कॅरलिनने काढलंय, पोरगी हुशार आहे. मधोमध आपलं पान घातलंय, गडद हिरवं, पिवळ्या कडेचं. छापखान्यातल्या एका मुलाने विचारलं, हे कसलं पान? मी म्हटलं, आमच्या घरचं. त्याला सुंदर वाटलं. मलाही.

इथे उसाचा हंगाम सुरू आहे. दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते. माझ्या नवऱ्याच्या आजोबांना ज्या शेतात ऊस तोडायला आणलं होतं, तिथे आता नवी घरं उठली आहेत. रविवारी चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसते, गुडघे टेकवत नाही. कॉन्व्हेंटातली सिस्टर मारी-आंज असती तर पट्टी घेऊन आली असती.

तू प्रत्येक पत्रात लिहितेस, ये. एकतीस वर्षं झाली गं. मी होते तेव्हाचे लोक कबरीत आहेत आणि जे आहेत ते मला ओळखत नाहीत. मी आले तर पाहुणी म्हणून चटईवर बसवतील आणि खुर्ची आणायला कोणाला तरी पाठवतील. त्यापेक्षा इथून लेबलं पाठवलेली बरी.

दाणे फोडताना बोटं सांभाळ.

तुझी ओदील


लेवेनसार
१८ सप्टेंबर १९९६

ओदीलताई,

लेबलं पोचली. उघडली तेव्हा सगळ्या बायका ‘ऊऊ’ म्हणाल्या. तुझ्या नातीने नारळाची झावळी जरा खुरटी काढलीय, जन्मात पाहिली नसेल, पण रंग चांगला आहे. शहरातल्या लोकांना काय कळतंय.

या वर्षी नांगाई लवकर पडली. रोज सकाळी चर्चच्या मागच्या छपरात आम्ही अठरा बायका, अठरा दगड. दुसरीच्या दगडावर कोणी फोडत नाही, हे तुला माहीत आहेच. फिलोमेनने चुकून ज्युलियेनचा दगड उचलला तर दोन दिवस बोलणं बंद होतं. नियम मी घातलाय: अख्खा दाणा पोर्ट व्हिलाला, तुटका आपल्या घरी. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या घरी फार तुटके दाणे जायला लागले. मी प्रत्येकीच्या मागे उभी राहून फोडायला लावलं, तेव्हापासून दगड एकदम नेमके पडायला लागलेत. टेकडीवरच्या दर झाडाखाली दहा दाणे उगवायला सोडायचे, हाही नियम. नाहीतर पाच वर्षांनी पुन्हा ओबेदला पपनसं खायला घालत बसू.

पंचवीस पेट्या तयार आहेत. छपराला दार नाही, कुलूप नाही. लेबलं चिकटवून महिना झाला आणि एक दाणा, अगं एक दाणा, चोरीला गेला नाही! आपल्या गावात वाळत घातलेले मासे राहत नाहीत. पोरं छपराजवळून जातात ती हात पाठीमागे बांधून. काल मुखियाचा भाऊ दुरूनच वळून गेला. शिस्त लावायची म्हणजे काय, ते कॉन्व्हेंटात शिकले तेच शेवटी उपयोगी पडलं. लोक मला मानतात ताई, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

एक तक्रार आहे. पेट्या हलवायला एकही बाप्या हात लावत नाही. चिकटवणाऱ्या चौघीच वाहून नेतात. आळशी ते आळशीच. पुढच्या महिन्यात खलाशी उचलतील म्हणा.

उद्या जहाज येईल, त्याच्याबरोबर हे पत्र देते.

तुझी,
युलाली


लेवेनसारचा किनारा
१७ ऑक्टोबर, गुरुवार

ओदील,

ताई लिहीत नाही. हे पत्र मी वाळूवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे. जहाज समोर उभं आहे, पेट्याही समोर उभ्या आहेत. दोघांमध्ये वीस पावलांचं अंतर आहे आणि ते आज ओलांडलं जाणार नाही.

सकाळी आम्ही पंचवीस पेट्या ओळीने मांडल्या, लेबलं समुद्राकडे, म्हणजे छान दिसावीत. होडीतून चार खलाशी उतरले. पहिला वाकला, हात पुढे केला आणि विंचू दिसावा तसा मागे घेतला. चौघंही हाताची घडी घालून उभे.

मी ओरडले, “उचला की रे! चर्चमधली मूर्ती आहे का ती?”

ओबेद आला. पेट्या बघितल्या. टोपी काढली. “मावशी, ही मनाई कोणी घातली?”

“कसली मनाई?”

“नामेलेचं पान आहे. प्रत्येक पेटीवर.”

मी चष्मा लावला. ओदील, ती झावळी नव्हती. नामेले होतं! एकटं, उभं, देठ खाली, मुखियाने खडकावर रोवावं तसं. पंचवीस वेळा! आपल्या हाताने आपण आपल्या मालावर लिहिलंय, खबरदार हात लावाल तर.

मी म्हटलं, “अरे, हे कागदाचं आहे.”

तो म्हणाला, “मालक पोर्ट व्हिलाचा आहे, त्याला चालेल. माझे खलाशी मालेकुलाचे आहेत. उद्या त्यांच्या गावच्या मुखियाने दंडाचं डुक्कर मागितलं तर तुम्ही देणार?”

मी मागे वळले. सगळं गाव उभं होतं. फिलोमेन हळूच म्हणाली, “युलाली, आम्हाला वाटलं तूच मुखियाकडून मनाई घालून घेतलीस. पोरांनी खाऊ नये म्हणून.”

“मग मला विचारलं का नाही?”

ती वाळूत पायाने रेघा ओढायला लागली.

ओबेद म्हणतो, मनाई उठवा, तोपर्यंत मी काही पाहिलं नाही. पण फेरी गेली. आता दोन फेऱ्यांत पंचाहत्तर. तुझ्या नातीला सांग, चित्र काढण्याआधी ते कशाचं आहे ते विचारत जा. आणि तू? तू शेजारी उभी होतीस ना? तुझे डोळे काय करत होते?

जहाजाचा भोंगा वाजला. देते.

युलाली


मॅके
३ नोव्हेंबर १९९६

युले,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि मग स्टोव्ह बंद केला, कारण काहीतरी करपत होतं.

कॅरलिनला काही सांगणार नाही, कारण तिने काही केलं नाही. तिने फक्त छापलं. चित्र मी काढलं.

स्वयंपाकघरात भिंतीवर आपला झेंडा लावलाय. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी इथल्या आपल्या लोकांनी शिवला होता. त्याच्यावरूनच काढलं. तीन रात्री लागल्या. झेंड्यावर दोन पानं आहेत, एकावर एक तिरपी, पण लेबलाच्या चौकटीत दोन मावत नव्हती. गिचमिड दिसत होतं. म्हणून एक खोडलं आणि उरलेलं सरळ उभं केलं. खोडताना मनात काही आलं नाही. तेच मला खातंय. काही म्हणजे काही आलं नाही.

तुला आठवतं? आपण सात-आठ वर्षांच्या असू. आपल्या वडिलांनी खाडीच्या तोंडाशी पान रोवलं होतं आणि आपण शिंपले गोळा करत नेमक्या तिथे पोचलो. तू आधी पाहिलंस. दोघींनी टोपल्या तिथेच टाकल्या आणि घरापर्यंत पळालो. मला त्या पळण्यातला प्रत्येक दगड आठवतो आणि पान आठवलं नाही. पत्रात नातीचं नाव पुढे केलं, कारण वाटलं, म्हातारीने काढलंय म्हटलं तर तू हसशील. आता हसलीस तर बरं होईल.

मी म्हणायचे ना, तिथले लोक मला ओळखणार नाहीत. खरं म्हणजे मीच ओळखत नाही. मुखियाला सांग, ओदीलने केलं आणि ओदील माफी मागते. त्यासाठी डुक्कर लागलं तर सांग, इथून व्यवस्था करते. ज्युलियेनचं काय करणार आहात?

तुझी,
ओदील


लेवेनसार
२४ नोव्हेंबर १९९६

ओदीलताई,

तुझं पत्र गुरुवारी ओबेदनेच आणलं. तू शिक्षा भोगत बसली असशील म्हणून आधी निकाल सांगते: पन्नास पेट्या चढल्या. आता सगळं ओळीने सांगते.

ऑक्टोबरचं जहाज गेलं त्या संध्याकाळी मी नाकामालात गेले. म्हणजे कुंपणापर्यंत. आत जायची बायकांना बंदी आहे, तोंडाला नाही. बाहेरून म्हटलं, “मुखिया! छापलेलं पान हे पान का?”

आतून आंबोंगचा भाऊ म्हणाला, “छापलेला पोप हा पोप असतो का? तुझ्या भिंतीवर आहे, त्याच्यासमोर तू हात जोडतेस.”

यावर आत सगळे हसले. मी म्हटलं, “बरं! मग शाळेत रोज सकाळी झेंडा चढवतात त्याच्यावर नामेले नाही का? त्याला हात लावतात ना मास्तर? त्यांच्याकडून किती डुकरं घेतलीस?”

मला वाटलं, जिंकले. आंबोंग बाहेर आला. हातात कावाची करवंटी. शांतपणे म्हणाला, “युलाली, झेंड्यावर दोन आहेत. एकमेकांवर तिरपी. दोन पानं म्हणजे सलोखा. एकटं उभं राहिलं की माणसाला थांबवतं. सिस्टरांनी तुला दोनपर्यंत मोजायला शिकवलं नाही?”

ताई, चाळीस वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा गप्प केलं. तो जन्मला तेव्हा पायाळू आला होता, मी माझ्या मावशीच्या हाताखाली तेव्हा शिकत होते. तेव्हा तो उलटा आला तो आजपर्यंत सरळ झाला नाही. पण बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी छपरात दगड ठेवून सगळ्यांनी पेनं हातात घेतली. प्रत्येक लेबलावर उभ्या पानावरून दुसरं पान तिरपं काढायचं. सहाशे पिशव्या, ऐंशी पेट्या. सगळ्यांची पानं वेगळी. फिलोमेनचं माशाच्या काट्यासारखं, ज्युलियेनचं लांब आणि वाकडं, कारण पोट मध्ये येतं. शाळेतली शाई दोन दिवसांत संपली, मग कोळसा उगाळला. आंबोंग येऊन प्रत्येक पेटी बघून गेला आणि दोन परत पाठवल्या, पानं एकमेकांना शिवत नव्हती म्हणून. इतका काटेकोर माणूस खोबऱ्याच्या वेळी कुठे गेला होता!

गुरुवारी खलाशांनी पेटी फिरवून बघितली, एक हसला, आणि मग पन्नासच्या पन्नास चढल्या. काल पिशव्या दुकानात लागल्या आणि संध्याकाळीच रेडिओवर मादाम त्रानचा निरोप आला की गिऱ्हाइकं विचारतात, प्रत्येक पिशवीवरचं दुसरं पान वेगळं कसं काय. तिने सांगितलं, हाताने काढतात. त्यांना तेच जास्त आवडलं. शहरातल्या लोकांना खरंच काही कळत नाही.

आता तुझं. तू विसरलीस म्हणून रडतेस. मी इथेच जन्मले, इथेच आहे, रोज त्या पानाजवळून जाते आणि दोन महिने नाकासमोर असून ‘खुरटी झावळी’ म्हटलं. सांग, आपल्या दोघींत जास्त परकी कोण? आणि अठरा बायकांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं, एकीनेही मला सांगितलं नाही. का, ते मी फिलोमेनला विचारलं. म्हणाली, “तुला सांगायचं म्हणजे आधी तुझं ऐकायचं.” मला वाटत होतं, लोक मला मानतात. लोक मला वळसा घालून जात होते, पेट्यांना घालत होते तसा. हे मी फक्त तुला लिहितेय, आणि तू उत्तरात याबद्दल काही लिहू नकोस.

हसले मी, हो. खूप. छपरात मोठ्याने वाचून दाखवलं, तीन रात्री बसून काढलेल्या पानाचं. ज्युलियेन इतकी हसली की मी तिला खाली बसवलं. आणि मग म्हणाली, “ती येणार आहे का? तिने काढलेलं पान मी चाळीस वेळा बघितलंय, तिला एकदाही नाही.”

तेव्हा ये. पंचवीस पेट्या अजून हव्यात. मिळतील.

तुझी,
युलाली


मॅके
५ डिसेंबर १९९६

प्रिय युले,

तू सांगितलंस म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. पण वाचलं.

कॅरलिन म्हणते, “आजी, पासपोर्टचा फोटो काढू या.” मी म्हटलं, गुडघे, उकाडा, बोटीचं हलणं. ती म्हणते, ही सगळी कारणं गेल्या वर्षीचीच आहेत. फोटो काढला. त्यात मी आईसारखी दिसते, दचकले.

पण जानेवारीत जहाज येणार की नाही हेच माहीत नाही, तर मी कशाच्या भरवशावर निघू? नॉर्सूपहून दोन नद्या मी पायी ओलांडणार नाही. पेट्या झाल्या तर कळव. मग बघू.

तुझी,
ओदील


लेवेनसार
२० डिसेंबर १९९६

ओदीलताई,

पहिली गोष्ट, मला ‘बघू’ लिहून पाठवायचं नाही. ते ऐकायला मला नाकामाल जवळ आहे.

दुसरी गोष्ट. काल जहाज आलं तेव्हा किनाऱ्यावर एकवीस पेट्या होत्या. पंचवीस नव्हत्या. गेल्या आठवड्यात सलग पाऊस झाला, छपरातल्या चार पेट्यांना बुरशी आली. फिलोमेन म्हणाली, वरचा थर पुसून भरू, आत कोण बघतंय. मी चारही पेट्या समुद्रात ओतल्या. मादाम त्रानच्या गिऱ्हाइकाने एकदा तोंड वाकडं केलं की पंचाहत्तर काय आणि सातशे काय. पण ओतताना ज्युलियेन शेजारी उभी होती, पोटावर हात ठेवून. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ओबेदने मोजलं. पुन्हा मोजलं. म्हणाला, “एकाहत्तर होतात, मावशी.”

“माहीत आहे.”

“मालकाचा कागद आहे. पंचाहत्तर लिहिलंय.”

“तेही माहीत आहे.”

मला वाटलं, आता मी काहीतरी बोलेन. नेहमी येतं काहीतरी. या वेळी आलं नाही. अठरा बायका माझ्याकडे बघत राहिल्या. ओबेदने टोपी काढून हातात फिरवली. त्यालाही घरी पोरं आहेत, पण तो मालकाचा माणूस.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “बाजूला व्हा.”

आंबोंग येत होता. खांद्यावर पोतं. त्याच्या मागे त्याचा भाऊ, पोतं. त्यांच्या मागे आणखी दोघं. चार पोती ओबेदच्या पायाशी धपकन पडली. ओली मुळं, मातीसकट. कावा! ताई, ख्रिसमसचा कावा! अख्ख्या नाकामालाने वर्षभर राखून ठेवलेला, पहाटे उठून उपटलेला. चालताना चौघांचेही चेहरे मयताला निघाल्यासारखे.

आंबोंग म्हणाला, “पोर्ट व्हिलात कावा विकतात ना? मग हाही मालच आहे.”

ओबेद म्हणाला, “कागदात ‘काहीही’ लिहिलंय.”

“मग लिही.”

ओबेदने वहीत लिहिलं. पंचाहत्तर. मी बघितलं, चष्मा लावून.

मी म्हटलं, “मुखिया, ख्रिसमसला काय पिणार तुम्ही लोक?”

“पाणी,” तो म्हणाला. “कडू काही हवं वाटलं तर तू आहेसच.”

सगळा किनारा हसला. मीही हसले. आणि मग, हे पण फक्त तुला लिहितेय, मी त्याला “धन्यवाद” म्हटलं. तो इतका घाबरला की म्हणाला, “काय झालं तुला, बरी आहेस ना?”

ओबेदने जाताना वहीचं नवं पान उघडून माझ्यासमोर लिहिलं: लेवेनसार, दर महिन्याचा तिसरा गुरुवार. पुढचा सोळा जानेवारीला. त्या फेरीने ज्युलियेन नॉर्सूपला जाईल, इस्पितळाजवळ तिची नणंद राहते, तिथे थांबेल. दिवस भरेपर्यंत दोन नद्यांचा विचार कोणी करायचा नाही.

म्हणजे आता तुझं कारण संपलं. पासपोर्टचा फोटो आहे, जहाज आहे. सोळा तारखेच्या आधी पोर्ट व्हिलाला ये, ओबेद तिथून तुला घेईल. मी त्याला विचारलं, येताना जहाजात जागा असते का. म्हणाला, तांदळाच्या पोत्यांमध्ये एक म्हातारी सहज मावेल. भाडं मात्र पोत्याच्या वजनाप्रमाणे लावणार आहे, तेव्हा वजन विचारलं तर लाजेकाजेने थोडं कमी सांग. खुर्ची मिळणार नाही. चटईवर बसशील, आमच्यात, दगड घेऊन. तुझा दगड मी निवडून ठेवलाय, त्याला कोणी हात लावत नाही.

तुझी,
युलाली